फरशीला गाल लावून

आमच्या दुकानात त्यांना सगळे पालथेसाहेब म्हणतात. गिऱ्हाइकांना ते आडनावच वाटतं. फोनवर कुणी "पालथेसाहेब आहेत का?" असं अदबीनं विचारलं तर मी "बाहेर गेलेत" एवढंच सांगते आणि हसू दाबते. त्यांनीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. नाव पडलं ते त्यांच्या कामाच्या पद्धतीवरून. घरात आपलं आपण फिरून केर काढणारं ते गोल मशीन कुणाला घ्यायचं असलं, की आमच्याकडून आधी हे घर बघायला जातात. दारात चपला काढतात, खिशातला पेन काढून ठेवतात आणि लोकांच्या बैठकीच्या खोलीत सरळ पालथे पडतात. फरशीला गाल लावून एक डोळा मिटतात आणि दुसऱ्या डोळ्यानं सोफ्याखाली, कपाटाखाली, पलंगाखाली बघत राहतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, माणसाला भोवळ आली. एका घरातल्या आजींनी तर पाण्याचा तांब्या त्यांच्या डोक्यावर ओतला होता.

ही सवय जुन्या धंद्यातली. आधी ते फरशा बसवायचे. फरशी सपाट बसली की नाही हे उभं राहून कळत नाही. खिडकीतून उजेड येत असताना गाल टेकून बघितलं की केसाएवढा उंचवटाही दिसतो, असं ते सांगतात. पंचवीस वर्षं गुडघ्यावर काढल्यावर गुडघ्यांनी राजीनामा दिला. मग आमच्या मालकांनी त्यांना दुकानात घेतलं, कारण मालकांच्या घरची फरशी त्यांनीच बसवली होती आणि ती अजून कुठे पोकळ वाजत नाही. मी त्याच्या आधीपासून इथं दुरुस्तीच्या टेबलावर आहे. म्हणजे त्यांनी विकलेली मशीनं बिघडली की उघडायची कोण, तर मी.

खरं तर त्यांनी विकलेली मशीनं माझ्याकडे फारशी येतच नाहीत, कारण ते विकतातच थोडी. घर बघून आले की निम्म्या वेळा सांगतात, नका घेऊ. उंबरे फार आहेत, पडद्यांना झालरी आहेत, खेळण्यांचा बाजार मांडलाय, गालिचा काळा आहे. काळा गालिचा दिसला की मशीनला पुढे खड्डा आहे असं वाटतं आणि ते माघारी फिरतं, हे त्यांनी मला इतक्या वेळा समजावलंय की एखाद्या दिवशी मी त्यांनाच खड्ड्यात ढकलीन. मालक कपाळाला हात लावतात. मीही लावते. कारण गिऱ्हाईक मग समोरच्या दुकानातून घेतं आणि बिघडलं की दुरुस्तीला आणतं माझ्याकडे. पण माणसाला लबाडी जमतच नाही, त्याला कोण काय करणार? मशीन चांगलं की वाईट हा प्रश्नच नसतो, घराला मानवतं का ते बघायचं, असं त्यांचं म्हणणं.

घरं बघता बघता ते दुसरंही पुष्कळ बघतात. पलंगाखाली माणसं काय काय सारून ठेवतात याची यादी केली तर त्यांचं नाव होईल, पण ते ती कधीच करणार नाहीत. खाली दिसलं ते खालीच ठेवायचं, हा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे. त्याला कारण घडलं होतं. सुरुवातीच्या दिवसांत एका नवराबायकोच्या घरी पलंगाखाली त्यांना एक भरलेली बॅग दिसली. यांनी ती भाबडेपणानं ओढून बाहेर काढली आणि म्हणाले, ही हलवावी लागेल, मशीन अडेल. बॅग बायकोची होती आणि नवऱ्याला तिचा पत्ता नव्हता. पुढच्या आठवड्यात मशीन द्यायला गेले तर नवरा एकटाच होता. ती गेली ते चांगलं झालं की वाईट, हे त्यांना आजही ठाऊक नाही. पण सांगायचं कधी हे तिचं तिनं ठरवायचं होतं, ते मी ठरवलं, एवढंच ते म्हणतात.

तर हे असे पालथेसाहेब मागच्या थंडीत एका घरून परत आले ते थेट माझ्या टेबलासमोर येऊन बसले. सहसा ते बसत नाहीत, गुडघ्यांना उठायला त्रास होतो. घर कसं होतं असं मी विचारलं, तर म्हणाले, एवढं मानवणारं घर वर्षभरात बघितलं नाही. उंबरे नाहीत, झालरी नाहीत, पलंगाखाली मूठ आणि वर उभा अंगठा एवढी जागा, मशीन अल्लाद जाईल. मग चेहरा का असा, म्हटलं. त्यावर त्यांनी पाणी मागितलं आणि जन्मात पहिल्यांदा आपला नियम माझ्यापुरता मोडला.

घरात दोनच माणसं. सून आणि तिचे सासरे. मुलगा कामासाठी बाहेरगावी, पंधरा दिवसांनी एकदा घरी येतो. सून बँकेत नोकरीला, पण मणक्याचा त्रास सुरू झाल्यापासून अर्धाच दिवस जाते. तिला वाकता येत नाही. काम करणाऱ्या बाईंचा झाडू पलंगाखाली पोचत नाही, म्हणून हे मशीन. सासरे शाळेत शिपाई होते. चाळीस वर्षं शाळेची घंटा त्यांच्या हातात होती. आता हृदय थकलंय, दिवसाचे बरेच तास पलंगावर बसून जातात. पालथेसाहेब नेहमीप्रमाणे त्या पलंगाशेजारी आडवे झाले, गाल टेकला, आणि भिंतीच्या कडेला त्यांना गोळ्या दिसल्या. पांढऱ्या, बारीक, सगळ्या एकसारख्या. काहींवर धूळ बसली होती, एक मात्र स्वच्छ होती. आणि त्यांच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर, पलंगावरून लोंबणारे म्हाताऱ्यांचे पाय होते. पायजमा जरा वर सरकला होता. लोकरीच्या मोज्यांचं इलॅस्टिक मांसात रुतलं होतं आणि वरचा पाय फुगून त्याच्यावर ओघळला होता.

सून चहा टाकायला आत गेली तेव्हा म्हाताऱ्यांनी हळूच विचारलं, "दिसल्या?"

"दिसल्या."

"किती?"

"मोजल्या नाहीत. वीसेक असतील."

"तेवीस," म्हातारे म्हणाले. "आजची धरून."

त्या पाण्याच्या गोळ्या होत्या. अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढून टाकणाऱ्या. बाकीच्या सगळ्या घेतो, हीच एक गालात धरून ठेवतो, तिची पाठ वळली की टाकतो, असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. का, ते मात्र सांगितलं नाही. माझं कारण माझ्यापाशी, तिला कळता कामा नये, एवढंच म्हणाले. आणि एवढं बोलताना त्यांना दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला.

माझ्या आत्याचे पाय असेच सुजले होते. आम्ही म्हणत बसलो होतो, चालणं कमी झालंय म्हणून असेल. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर आमच्यावर इतके ओरडले की शेजारच्या खाटांवरचे लोक उठून बसले, आणि चौथ्या दिवशी आत्या गेली. मी पालथेसाहेबांना विचारलं, मग सुनेला सांगितलंत ना? नाही म्हणाले. उद्या अकराला मशीन घेऊन येतो, पलंगाखालची जागा मोकळी लागेल, असं त्यांनी म्हाताऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिला सांगितलं होतं. निघताना म्हाताऱ्यांच्या कानाशी म्हणाले होते, उद्या मशीन खाली गेलं की गोळ्या खडखडतील, त्याच्या आधी तुम्हीच बोला.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे सगळं दुकान जाणतं. मी नको नको ते बोलले. माणूस जिवानिशी जाईल आणि तुम्ही नियम पाळत बसा, म्हटलं. तिचा नंबर गिऱ्हाइकाच्या कागदावर आहे, मी आत्ता फोन करते, म्हटलं. मी टेलिफोन उचललासुद्धा. त्यांनी माझा हात धरला नाही, की आवाज चढवला नाही. ते एवढंच म्हणाले, "आपण सांगितलं तर ती उद्यापासून त्यांच्यावर पहारा करील. आणि ते का टाकतात, हे कुणालाच कधी कळणार नाही. कारण कळलं नाही तर ते दुसरी युक्ती काढतील. अकरापर्यंत थांबा. सव्वाअकराला तुम्ही स्वतः सांगा, मी अडवणार नाही."

मी थांबले. पटलं म्हणून नव्हे. चोवीस तासांचा हिशेब माझ्या डोक्यात नीट बसत नव्हता आणि तरीही मी थांबले, याचं मला अजून वाईट वाटतं. रात्रभर धड झोप लागली नाही. सकाळी मालकांना सांगितलं, नव्या मशीनची जोडणी मीच करून देते, आणि पालथेसाहेबांबरोबर निघाले.

घर खरोखरच छान होतं. उजेड भरपूर, सामान बेताचं, सगळं पुसलेलं. सून दार उघडायला आली ती भिंतीला एक हात लावून. तीस-पस्तिशीची असेल. आवाज मोकळा होता आणि चालणं मात्र साठीचं. मागच्या बाल्कनीत दोऱ्या होत्या, त्यांच्यावर दोन टॉवेल वाळत होते. कपडे धुवायचं मशीन आहे हो घरात, पण ओलं जड कापड उचलून दोरीवर टाकायला पाठच लागते, असं ती स्वतःच हसत म्हणाली. सासऱ्यांच्या खोलीत गेलो. म्हातारे पलंगावर ताठ बसले होते, विस्कटलेले केस नीट चापून बसवलेले, आणि चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आलेल्या पोराची ऐट. पण छाती भात्यासारखी वरखाली होत होती. पाठीशी तीन उश्या होत्या. वय झालं की आडवं झोपवत नाही म्हणे, असं सून आम्हाला सांगत होती. माझ्या आत्यानंही शेवटी उश्या वाढवत नेल्या होत्या.

पालथेसाहेबांनी पेन काढून खिडकीत ठेवला आणि आडवे झाले. मी दारात उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघत होते. पलंगाखाली काहीही नव्हतं. म्हाताऱ्यांनी काठीनं एकेक गोळी ओढून घेतली होती आणि संडासात टाकली होती, हे आम्हाला नंतर कळलं. सुनेला त्यांनी चकार शब्द सांगितला नव्हता. आज ज्या चेहऱ्यानं ते आमच्याकडे बघत होते, तो जिंकलेल्या माणसाचा होता. जागा मोकळी मागितली होती ना, घ्या, झाली मोकळी.

पालथेसाहेब उठले नाहीत. तसेच पडून राहिले. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि खरं सांगते, मी पाच मिनिटं थांबणार नव्हते. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात खालून त्यांचा आवाज आला.

"ताई, तुम्ही जरा इथं खाली या. माझ्याशेजारी."

सून गोंधळली. मीही. मणक्याच्या रोग्याला फरशीवर आडवं करायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. पण तिला वाटलं मशीनसाठीच काही दाखवायचंय. खुर्चीचा हात धरून ती आधी गुडघ्यावर आली, मग एका कुशीवर झाली, मग हळूहळू पालथी. डॉक्टर सांगतातच फरशीवर झोपायला, असं काहीतरी म्हणाली. मग पालथेसाहेबांनी सांगितलं तसा तिनंही गाल टेकला.

"खाली स्वच्छच आहे की," ती म्हणाली.

"खाली नका बघू. समोर बघा."

तिच्या समोर सासऱ्यांचे पाय होते. म्हाताऱ्यांनी ते वर घ्यायचा प्रयत्न केला, पण ते जड पाय पटकन उचलले गेले नाहीत. मग तिनं हात पुढे करून एक मोजा खाली सरकवला आणि पोटरीच्या खाली अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. तो भरून येण्याची ती वाट बघत होती, आणि दारातून मीही.

"बाबा," ती म्हणाली, "पाण्याची गोळी घेताय ना तुम्ही?"

पालथेसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. मी तोंडाला कुलूप लावून उभी होते, आणि माझ्यासारखीला ते किती जड जातं हे मलाच ठाऊक. म्हातारे खिडकीकडे बघत होते. खोटं बोलणं त्यांना सोपं होतं, गोळ्या तर संडासात गेल्या होत्या. पण त्यांच्या पायाला तिचा हात तसाच लागून होता. शेवटी त्यांनी नकारार्थी मान हलवली. ती तिला खालून दिसली नाही, म्हणून मग बोलावं लागलं.

"नाही घेत. तेवीस दिवस झाले. चोवीस." मग जरा श्वास घेऊन, "ती गोळी घेतली की मला कळत नाही गं. झोपेतच होतं. रोज सकाळी तू चादर काढायचीस, आणि मग बाल्कनीत ती ओली उचलून दोरीवर टाकताना तुझा जो आवाज यायचा, तो मी इथं ऐकायचो. तू दात दाबून धरायचीस, पण यायचा."

सून पालथीच होती. तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

"एक दिवस गोळी चुकून खाली पडली," म्हातारे सांगत होते. "दुसऱ्या दिवशी सकाळी चादर कोरडी. तू किती खूश झालीस. गाणं म्हणत होतीस स्वैपाकघरात. मग मी रोजच..."

ते एवढ्यावर थांबले. आणि सून बोलली, ती फरशीशीच बोलल्यासारखी. "मी सगळ्यांना सांगत होते, बाबा. यांना फोन करून सांगितलं, बँकेत सांगितलं. चादरी कोरड्या निघायला लागल्या, बाबा बरे व्हायला लागले म्हणून. मी त्याच्यासाठी खूश होते." आणि मग ती रडायला लागली. पालथं पडून रडणं फार अवघड असतं, धड श्वासही घेता येत नाही. मला ते बघवेना, म्हणून मी मशीनच्या खोक्याची चिकटपट्टी उगीच काढत बसले. डोळे मीही पुसले, उगाच खोटं कशाला बोलू?

तिला उठवायला आम्ही दोघंही लागलो. उठल्यावर तिनं आधी डॉक्टरांना फोन केला. आजची गोळी लगेच द्या आणि दुपारी उशीर न करता घेऊन या, असं ते म्हणाले. त्यांचा आवाज एवढा चढला होता की आम्हाला दारापर्यंत ऐकू आला. मी तिला म्हटलं, पलंगावर घालायचं जाड मेणकापड मिळतं, त्याच्यावर ओल शोषणारे, वापरून टाकून द्यायचे छोटे पट्टे येतात, चादर धुवायचीच नाही. माझ्या आत्यासाठी आम्ही आणायचो. तिनं ते कागदावर लिहून घेतलं. इतकी साधी गोष्ट होती, आणि दोघांनी एकमेकांच्या काळजीपायी ती कुणाला विचारली नव्हती. आपल्या घरातही अशी एखादी गोष्ट असेल, असं माझ्या मनात येऊन गेलं आणि मी नवऱ्याचा विचार करायला लागले. मशीन आम्ही खोक्यातून काढलंच नाही. पुढे महिन्याभरानं, म्हातारे दवाखान्यातून घरी आल्यावर, ते तिनं घेतलं. पण त्या दिवशी पालथेसाहेबांनी कागदावर फक्त 'घर बघितलं' एवढंच लिहिलं आणि मालकांची बोलणी खाल्ली.

आम्ही निघायच्या बेतात होतो. सून आतून पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन आली. तिनं गोळी सासऱ्यांच्या तळहातावर ठेवली, पेला शेजारी ठेवला, आणि ती गिळतायत की नाही हे बघायला न थांबता पाठ फिरवून दाराकडे निघाली. मुद्दाम, हे मला स्पष्ट कळलं.

"सूनबाई," म्हातारे म्हणाले. "थांब. इकडे बघ."

ती वळली. त्यांनी गोळी जिभेवर ठेवली, वर पाणी प्यायले, पेला खाली ठेवला. मग चाळीस वर्षं शाळेत पोरांना रांगेत उभं करणारा तो माणूस आमच्या सगळ्यांसमोर तोंड उघडून, जीभ बाहेर काढून, ती जवळ येऊन बघेपर्यंत तसाच बसून राहिला.